पॉम्पेईची यूमाखिया

नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात मस्तकावरून वस्त्र घेतलेल्या एका स्त्रीच्या संगमरवरी पुतळ्यापाशी मी बराच वेळ रेंगाळलो. ती पॉम्पेईची सार्वजनिक पुजारीण यूमाखिया.

रोमन कायद्याने स्त्रीला ना मताधिकार दिला, ना सरकारी हुद्दा. तथापि या बाईने नगरचौकात स्वखर्चाने भव्य इमारत उभारून दर्शनी शिलालेखात स्वतःचे नाव आधी आणि पुत्राचे मागाहून कोरविले, आणि कापड धुणाऱ्या कारागिरांनी तिच्या सन्मानार्थ हा पुतळा बसविला.

इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीने गाडलेल्या याच शहरात, असेलिनाच्या मद्यालयाच्या भिंतीवर, स्त्रियांच्या नावे रंगविलेल्या निवडणूक-शिफारशीही आढळतात. मतदानाचा हक्क नसलेल्या या बायका उमेदवाराची तरफदारी मात्र उघडपणे करीत.