वऱ्हाडच्या डोक्यावरची थंडी

मे महिन्यात आमच्या बार्शीटाकळीला पारा ४५ च्या पुढे जातो. अशाच एका रात्री अंगणात बाज टाकून पडलो असताना शेजारच्या काकांनी विचारले, "वर गेलं तं सूर्य जवळ येते ना भाऊ? मंग वर तपन जास्त पायजे!" मी म्हणालो, या बाजेपासून सरळ वर सोळा-सतरा किलोमीटरवर उणे ८० अंशांच्या आसपास थंडी आहे, आणि आत्ता उत्तर ध्रुवावर तेवढ्याच उंचीला तीसेक अंशांनी ऊब आहे. काका हसले. "पुस्तकात काईबी लिवतेत!"

हे ठामपणे मांडले कल्पथी रामकृष्ण रामनाथन यांनी. आमच्या शाळेत रामन यांचे नाव होते, रामनाथन यांचे नव्हते. पालघाटकडचा हा माणूस रंगूनला शिकवी आणि कलकत्त्यात रामन यांच्याकडे संशोधन करी. १९२३ साली पाण्यातून विखुरलेल्या प्रकाशात त्यांना एक क्षीण छटा दिसली होती. पुढे 'रामन परिणाम' ठरला तो तिचाच उलगडा. १९२५ मध्ये ते हवामान खात्यात आले. १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला हलले, आणि रामनाथन यांची कितीतरी वर्षे पुण्यात गेली.

तेव्हा आग्र्याहून हायड्रोजनचे फुगे सोडत. खाली बांधलेल्या छोट्या यंत्रातली सुई धातूच्या पत्र्यावर तापमान आणि दाबाचे ओरखडे उमटवी. फुगा फुटे, यंत्र कुठल्यातरी शेतात पडे; आणून देणाऱ्याला बक्षीस मिळे. म्हणजे या विज्ञानात शेतकऱ्यांचाही हात आहे! विषुववृत्ताजवळच्या बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, डच संशोधकांना ही थंडी आधीच आढळली होती. रामनाथन यांनी तिथली, भारतातली, युरोपातली मोजमापे एकत्र मांडून विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतच्या हवेचा उभा छेद काढला. तो १९२९ साली 'नेचर'मध्ये आला.

कारण समजायला सायकल पुरे. ट्यूबमधली हवा सोडली की ती फैलावते आणि बोटाला गार लागते. तापलेल्या प्रदेशावरची हवाही तशीच वर चढते, फैलावते, गार होते. ध्रुवाकडे हे चढणे आठ-नऊ किलोमीटरवरच थांबते. आपल्याकडे सोळा-सतरापर्यंत चालते. जमीन तापलेली, म्हणून छत उंच. छत उंच, म्हणून थंड. त्यावर स्थितांबर लागते. तिथे ओझोन अतिनील किरण शोषतो, त्यामुळे वर जावे तसे तापमान वाढू लागते. गारपिटीच्या ढगाचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरतो, तो या छताला टेकूनच. म्हणजे काका अगदीच चुकले नव्हते, फक्त त्यांची तपन फार वर सुरू होते.

ही थंडी बिनकामाची नाही. १९४९ मध्ये ब्रिटनच्या ब्रूअर यांनी दाखवले, की स्थितांबर इतके कोरडे आहे, त्याअर्थी तिथली हवा उष्ण कटिबंधातल्या याच थंड दारातून गेली असली पाहिजे. बाष्प गोठून खालीच राहते.

सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, १९४८ पासून, रामनाथन अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक होते. ओझोनवरच्या त्यांच्या निबंधांत करंदीकर, कुलकर्णी अशी सहलेखकांची आपली नावे दिसतात, तेव्हा मला उगाच बरे वाटते. १९८४ च्या अखेरीस ते गेले. अंटार्क्टिकावरच्या ओझोन छिद्राचा निबंध त्यानंतर काही महिन्यांनी, मे १९८५ मध्ये, प्रसिद्ध झाला, तोही 'नेचर'मध्येच.