संगीत शिक्षक नसलेल्या शाळेत संगीताचा तास : पाच स्वर, दोन ताल आणि दीड मीटर नळी

प्रस्तावना

राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवाकार्य करणे अपेक्षित असते. त्यातले काही तास अनेकांच्या वाट्याला जवळच्या प्राथमिक शाळेत येतात. तिथे वेळापत्रकात संगीताचा तास असतो, पण संगीत शिक्षक नसतो. 'तुमच्यापैकी कोणी हा तास घ्याल का?' असे विचारल्यावर अभियांत्रिकीचे, विज्ञानाचे, वाणिज्यचे विद्यार्थी एकच उत्तर देतात : आम्हाला गाता येत नाही. तास मग मोबाईलवरचे एखादे चित्रपटगीत लावून संपतो.

हा पाठ अशा विद्यार्थ्यांसाठी आहे. पहिली ते चौथीच्या मुलांचा संगीताचा तास घेण्यासाठी गवई असण्याची गरज नाही. ध्वनीविषयी तुम्ही जे शिकलात ते आणि थोडी पूर्वतयारी एवढे पुरते. पाठ वाचून झाल्यावर तुम्हाला (१) मुलांना झेपणारी पट्टी निवडता यावी, (२) दोन ताल हाताने शिकवता यावेत, (३) पाच स्वरांचे वाद्य बनवता यावे आणि (४) स्वर न जुळणाऱ्या मुलाशी कसे वागावे हे समजावे, अशी अपेक्षा आहे.

१. पट्टी : सर्वांत जास्त चुका इथे होतात

मुलांचा आवाज आणि मोठ्यांचा आवाज यांत पट्टीचा मोठा फरक असतो. सहा ते आठ वर्षांच्या बहुतेक मुलांचा गळा साधारण २६० ते ४४० हर्ट्झ या पट्ट्यात सहज फिरतो. पुरुष शिक्षक स्वतःच्या सोयीने १३० हर्ट्झच्या आसपास सा लावतो. हा स्वर मुलांच्या सोयीच्या सा च्या निम्म्या वारंवारतेचा, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली असतो. काही मुले आपोआप सप्तक बदलून वर गातात. काही मुले मात्र तोच जाड आवाज काढायला जातात, त्यांचा गळा तिथे पोहोचत नाही आणि ती गाण्याऐवजी बोलल्यासारखी गुणगुणतात. चूक पट्टीची असते आणि दोष मुलाच्या माथी येतो.

यावर उपाय सोपा आहे. सा २६४ हर्ट्झच्या जवळ ठेवा (हार्मोनियमवर पांढरी एक). मोबाईलवरच्या ट्यूनर ॲपमध्ये आकडा पाहून खात्री करा, कारण हार्मोनियमवर ही पट्टी एकाहून अधिक सप्तकांत असते. तुमचा गळा तिथे जात नसेल तर स्वर वाद्यावर द्या, किंवा वर्गातल्या एखाद्या मुलीला अथवा मुलाला आधी गायला सांगा. गाणे निवडताना त्याची चाल सा ते ध एवढ्यात बसते का हे पाहा. तार सप्तकात उड्या मारणारे गाणे कितीही लोकप्रिय असले तरी ते या वयासाठी नाही.

२. लय : आधी हात, मग गळा

गाण्यापेक्षा टाळी सोपी आहे, म्हणून सुरुवात तालाने करावी. दोन ताल पुरेत.

दादरा, ६ मात्रा : धा धी ना । धा ती ना
केहरवा, ८ मात्रा : धा गे ना ती । न क धी न

दोन्ही तालांत पहिल्या मात्रेवर टाळी असते. दादऱ्यात चौथ्या आणि केहरव्यात पाचव्या मात्रेवर खाली असते, म्हणजे टाळी न देता तळहात उघडून बाजूला न्यायचा. मुलांना खाली फार आवडते. सगळा वर्ग एकाच वेळी मुद्दाम गप्प राहतो, याची त्यांना मौज वाटते. 'न वाजवणे' हाही संगीताचा भाग आहे, हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही.

पुढची पायरी नावांची. केहरव्याच्या पहिल्या चार मात्रा वर्गाने टाळीने मोजायच्या आणि पुढच्या चार मात्रांत एका मुलाने आपले नाव बसवायचे. 'रवी' दोन अक्षरांचे, 'अमीना' तीन अक्षरांचे, 'व्यंकटेश' चार अक्षरांचे. दोन अक्षरांचे नाव चार मात्रांत कसे पसरायचे, हे मुले स्वतःच शोधतात. वेग धिमा ठेवू नका. लहान मुलांची स्वाभाविक चाल मोठ्यांपेक्षा जलद असते आणि फार संथ लयीत त्यांचे हात पुढे धावतात.

दक्षिणेकडच्या शाळेत असाल तर आदितालाची हातमोजणी घ्या : एक टाळी, तीन बोटे, मग टाळी-हात उलटा, टाळी-हात उलटा. एकूण आठच मात्रा. अनेक मुलांनी ती घरी किंवा देवळात पाहिलेली असते.

३. पाचच स्वर का?

सा रे ग प ध या पाच स्वरांना उत्तरेत भूप आणि दक्षिणेत मोहनम् म्हणून ओळखतात. मुलांसाठी ते सोयीचे आहेत, याचे कारण त्यांच्यातल्या अंतरात आहे. शुद्ध सप्तकात ग-म आणि नि-सा ही दोन अंतरे सर्वांत लहान असतात. असे जवळचे दोन स्वर एकदम वाजले की कानाला टोचतात. म आणि नि काढून टाकले की ही अंतरेच उरत नाहीत. मग वीस मुलांनी मनाला येईल तो स्वर वाजवला तरी फारसे खटकत नाही. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांनी मुलांसाठी पट्ट्या काढता येतील अशी वाद्ये वापरली. नको असलेल्या स्वरांच्या पट्ट्या काढल्या की मूल पंचस्वरी रचनेत निर्धास्त वाजवू शकते.

स्वर दाखवायला हात वापरा : सा कमरेशी, प खांद्याशी, वरचा सां डोक्यावर. हंगेरीत झोल्टान कोडाय यांच्या पद्धतीत अशा हस्तमुद्रा आहेत. त्यांचा पाया १९ व्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन यांनी घातला होता. वेगवेगळ्या मातृभाषांच्या वर्गात याचा मोठा उपयोग होतो. बांधकामावर आलेल्या कुटुंबातले मूल शाळेची भाषा अजून शिकत असते. हाताच्या उंचीवरून स्वर ओळखताना ते कोणाच्याही मागे नसते.

४. वाद्य बनवणे

अर्धा इंची पीव्हीसी नळी घ्या (आतील व्यास सुमारे १.६ सेंमी). नळीचे एक टोक तळहातावर आपटून तसेच दाबून धरले की ते टोक बंद होते आणि दुसरे उघडे राहते. अशा नळीत तरंगलांबीचा चौथा हिस्सा मावतो. म्हणून

लांबी = ध्वनीचा वेग ÷ (४ × वारंवारता)

२५ अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सुमारे ३४६ मीटर प्रति सेकंद असतो. उघड्या टोकाबाहेरची थोडी हवाही कंप पावते, त्यामुळे आतील व्यासाच्या ०.३ पट, म्हणजे इथे सुमारे ०.५ सेंमी वजा करावे लागते. सा २६४ धरल्यास :

सा : २६४ हर्ट्झ, ३२.३ सेंमी
रे (सा च्या ९/८ पट) : २९७ हर्ट्झ, २८.६ सेंमी
ग (५/४ पट) : ३३० हर्ट्झ, २५.७ सेंमी
प (३/२ पट) : ३९६ हर्ट्झ, २१.३ सेंमी
ध (५/३ पट) : ४४० हर्ट्झ, १९.२ सेंमी
सां (२ पट) : ५२८ हर्ट्झ, १५.९ सेंमी

सहा नळ्यांना मिळून दीड मीटरपेक्षा कमी नळी लागते. प्रत्येक तुकडा दोन-तीन मिलिमीटर लांब कापा आणि ट्यूनरवर पाहत कानशीने घासत आणा. लांब नळी आखूड करता येते, उलट करता येत नाही. कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत करूनच मुलांच्या हाती द्या. प्रत्येक स्वराला एक रंग द्या आणि फळ्यावर रंगीत खडूने ठिपके काढा. हीच मुलांची पहिली स्वरलिपी.

उन्हाळ्यात हवा तापते, वेग वाढतो आणि नळ्या किंचित चढतात. सगळ्या एकाच प्रमाणात चढत असल्याने त्यांचे आपसातले नाते टिकते. हार्मोनियमबरोबर वाजवल्यास मात्र फरक जाणवेल.

५. 'बेसूर' मूल

हा या पाठातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. दुसरीतल्या मुलाला 'तू नुसते ओठ हलव' असे सांगितले की ते पुढे आयुष्यभर 'मला गाता येत नाही' असे म्हणत राहते. तुमच्यापैकी काहींच्या बाबतीत हेच झाले असेल. खरे पाहता या वयात स्वर जुळणे ही शिकण्याची गोष्ट आहे, वाचन-लेखनासारखी. कोणाला आधी जमते, कोणाला नंतर.

अशा मुलासाठी क्रम उलटा करा. तुमचा स्वर त्याने गाठण्याऐवजी त्याचा स्वर तुम्ही गाठा. त्याला सोयीचा 'आ' लावू द्या, ट्यूनरवर पाहून किंवा कानाने तोच स्वर तुम्ही द्या. दोन आवाज एक झाल्याचा अनुभव त्याला बहुधा प्रथमच येतो. मग दोघांनी मिळून रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखा आवाज हळूहळू वर नेत सा पर्यंत यायचे. रोज दोन मिनिटे पुरतात. हे वर्गासमोर परीक्षेसारखे करू नका, खेळाच्या ओघात करा. एखादे मूल टाळीलाही उशिरा प्रतिसाद देत असेल, वळून 'काय?' असे वारंवार विचारत असेल, तर वर्गशिक्षकांना कळवा. प्रश्न ऐकण्याचा असू शकतो आणि तो वेळेत लक्षात येणे गाण्यापेक्षाही महत्त्वाचे आहे.

६. ४० मिनिटांची आखणी

पहिली ५ मिनिटे : डोळे मिटून एक मिनिट शांतता, मग ऐकलेल्या आवाजांची यादी (पंखा, रिक्षा, कावळा).
पुढची ८ मिनिटे : ताल आणि नावांचा खेळ.
पुढची १० मिनिटे : हाताच्या उंचीवर स्वर, मग नळ्या.
पुढची १२ मिनिटे : गाणे. एका तासाला दोनच ओळी. ओळ तुम्ही म्हणा, मुले म्हणतील.
शेवटची ५ मिनिटे : एका मुलाने घरून आणलेले गाणे सर्वांनी ऐकायचे.

घरच्या गाण्यात आजीची अंगाई, शेतातले गाणे, कोणत्याही भाषेतले काहीही चालेल. ते दुरुस्त करू नका, फक्त ऐका. त्याची चाल पाच स्वरांत बसत असेल तर पुढच्या तासाला तीच नळ्यांवर घ्या.

सारांश

पट्टी मुलांची ठेवा, ताल हातात द्या, स्वर पाचांवर थांबवा आणि कोणालाही गप्प करू नका. वर्षअखेरीस स्नेहसंमेलनात गाणे उत्तम झाले नाही तरी चालेल. प्रत्येक मूल गात होते, एवढे झाले तरी तास सार्थकी लागला.

स्वाध्याय

१. सा २४० हर्ट्झ धरून उरलेल्या पाच स्वरांच्या वारंवारता आणि नळ्यांच्या लांबी काढा.
२. ध्वनीचा वेग ३५५ मीटर प्रति सेकंद असताना ३२.३ सेंमीची नळी किती हर्ट्झचा स्वर देईल? (०.५ सेंमीची दुरुस्ती विसरू नका.)
३. काचेच्या बाटलीत पाणी वाढवत चमच्याने वाजवल्यास स्वर उतरतो, पण तोंडाशी फुंकल्यास चढतो. प्रत्येक वेळी नेमके काय कंप पावते ते लिहा आणि तिसरीच्या मुलाला समजेल अशा तीन वाक्यांत सांगा.
४. तुमच्या वर्गातल्या चार मित्रांची नावे घेऊन केहरव्याची दोन आवर्तने बांधा.