रक्त गाळायचे, पण नेमके कशासाठी?

अतिदक्षता विभागात ‘रक्त शुद्ध करणारे फिल्टर लावू या का?’ असे डॉक्टर विचारतात, तेव्हा नातेवाइकांना डायलिसिसच आठवते. हे तंत्र वेगळे आहे. डायलिसिसमध्ये पडद्याच्या सूक्ष्म छिद्रांतून लहान, पाण्यात विरघळणारे रेणू बाहेर पडतात. मोठे किंवा प्रथिनांना घट्ट चिकटलेले रेणू मागे राहतात. अशांसाठी रक्त शरीराबाहेर आणून सक्रिय कोळशाच्या किंवा सच्छिद्र पॉलिमरच्या मण्यांवरून फिरवतात. नको असलेला घटक मण्यांना चिकटतो, रक्त परत जाते. यालाच अधिशोषण म्हणतात. घरच्या वॉटर फिल्टरमधला कोळसा हेच करतो.

१९६४ मध्ये ग्रीसच्या याट्झिडिस यांनी मूत्रपिंडाच्या रुग्णांवर कोळसा वापरला. पण उघड्या कोळशाला प्लेटलेटही चिकटत. कॅनडात थॉमस चांग यांनी कोळशाच्या दाण्यांवर पातळ आवरण चढवले आणि तो धोका कमी झाला.

काय पकडायचे हे ठाऊक असेल, तर हे तंत्र चोख काम करते. फिट्सवरील कार्बामाझेपिनचा अतिडोस हे एक उदाहरण. दुसरे अधिक देखणे: रक्तगट न जुळणाऱ्या दात्याचे मूत्रपिंड बसवण्याआधी, रक्तगटाची खूण असलेली साखर लावलेल्या मण्यांवर फक्त विरोधी प्रतिपिंडे अडकवता येतात. स्वीडनमध्ये २००१ पासून हे होत आहे.

खरी अडचण सेप्सिसमध्ये आहे, आणि महागडी नळकांडी सुचवली जातात तीही बहुधा तिथेच. जंतूंचे विष पकडणाऱ्या पॉलिमिक्सिन नळकांड्याची ४५० रुग्णांवर चाचणी झाली. २०१८ मध्ये निष्कर्ष आला, मृत्यू कमी झाले नाहीत. कोविडमध्ये तर ‘सायटोकाइनचे वादळ’ शमवण्यासाठी अमेरिकेने अशा उपकरणांना आपत्कालीन परवानगी दिली होती. मग जर्मनीतील फ्रायबुर्गमध्ये एक्मोवरील ३४ रुग्णांची चाचणी झाली. तीस दिवसांनी फिल्टर लावलेल्या १७ पैकी ३ जण जिवंत होते. न लावलेल्या १७ पैकी १३. चाचणी लहान होती, पण आकडे दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. सायटोकाइन हे निव्वळ विष नव्हे, जंतूंशी लढण्याचे साधनही आहे. शिवाय मण्यांना निवड कळत नाही. काही अँटिबायोटिक्सही त्यांना चिकटतात.

म्हणून संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: नेमका कोणता घटक काढायचा आहे, या आजारात त्याने जीव वाचल्याचा पुरावा काय आणि चालू औषधांचे डोस त्यानुसार बदलणार का? विषबाधेत मात्र हे घड्याळ पाहून विचारावे लागते. पॅराक्वाट हे तणनाशक काही तासांतच रक्तातून फुप्फुसांत जाऊन बसते. त्यानंतर रक्त कितीही गाळले, तरी फुप्फुसांत साठलेले विष तिथेच राहते.