संगणकाचे कारागीर आपल्या कामाबद्दल काय सांगतात?

आमचा धंदा कापडाचा. मालेगावात वडिलांच्या वेळेपासून आमची ठोक कापडाची पेढी आहे. शिक्षण उर्दू माध्यमात झाले आणि हिशेब आम्ही मुनीमजींच्या शेजारी बसून शिकलो. संगणकाशी आमचा संबंध बिल छापण्यापुरता. पण या यंत्राने आम्हाला एकदा चांगलाच धडा दिला. तो धडा, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्या मोठमोठ्या मंडळींनी आपल्या कामाबद्दल लिहून ठेवलेल्या ज्या गोष्टी त्यानंतर आमच्या कानावर आल्या, त्या येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत. ज्यांच्या दुकानात किंवा कारखान्यात संगणक आहे, अशा आपल्या सर्व बांधवांना त्यांचा उपयोग व्हावा.

जून २०१७ ची गोष्ट

त्या वर्षी १ जुलैपासून जीएसटी लागू होणार होता. कापडावर ५ टक्के कर, बिलावर नवा नंबर, मालाचा कोड, सगळेच नवीन. आमच्या पेढीची बिले गावातल्याच एका तरुणाने लिहून दिलेल्या प्रोग्रामवर निघत असत. रमजानचा महिना चालू होता आणि ईद २६ जूनला होती. गिऱ्हाइकीच्या धामधुमीत आम्ही त्या तरुणाला बोलावले ते ईद झाल्यावर. तो म्हणाला, "शेठ, एक महिना लागेल."

आम्ही यंत्रमागाचा हिशेब लावला. एका मागावर जेवढे कापड निघते त्याच्या तिप्पट तीन मागांवर निघते. मग महिन्याचे काम तिघांनी दहा दिवसांत का करू नये? आम्ही आणखी दोन मुले आणून त्याच्या जोडीला बसविली.

काम हाती आले ऑगस्टच्या मध्यावर. तोपर्यंत मुनीमजी हाताने बिले लिहीत होते. पहिल्या मुलाचे दोन आठवडे नव्या दोघांना समजावण्यातच गेले. एकाने बदललेला भाग दुसऱ्याच्या भागाशी जुळेना. आम्हाला वाटले, तिघे मिळून वेळ काढीत आहेत. रागाच्या भरात आम्ही ठरलेल्या रकमेपैकी निम्मी अडकवून ठेवली. तो मुलगा काही बोलला नाही. वर्ष संपण्याआधीच नोकरी धरून तो बंगळूरला निघून गेला.

जास्त हात, जास्त उशीर

आमचा भाचा पुण्यात हेच काम करतो. बकरी ईदला तो आला तेव्हा आम्ही त्याच्यापुढे गाऱ्हाणे मांडले. तो हसून म्हणाला, "मामू, ही चूक तुमच्या कितीतरी आधी अमेरिकेतल्या मोठ्या कंपनीत झाली आहे, आणि ज्याच्या हातून झाली त्याने स्वतःच तिच्यावर पुस्तक लिहिले आहे."

त्या गृहस्थांचे नाव फ्रेड ब्रुक्स. १९६० च्या दशकात आयबीएम कंपनीत एका प्रचंड प्रोग्रामचे काम त्यांच्या देखरेखीखाली होते. काम मागे पडत गेले, माणसे वाढत गेली, आणि काम आणखी मागे पडले. १९७५ साली त्यांनी 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक काढले. त्यांचा सिद्धांत थोडक्यात असा की उशीर झालेल्या प्रोग्रामच्या कामावर नवी माणसे घातली तर उशीर वाढतो. कारण नव्याला शिकवायचे ते जुन्याच्याच वेळातून. शिवाय प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलून ताळमेळ ठेवावा लागतो. तिघे असतील तर अशा तीन जोड्या होतात, पण दहा जण असतील तर पंचेचाळीस.

आमचा हिशेब चुकला होता तो येथे. मागाशेजारी दुसरा माग लावला तर दोन्ही आपापले कापड विणतात, एकाचे दुसऱ्यावर अडत नाही. प्रोग्राम म्हणजे एकच ताणा असलेले एकच कापड. त्यावर तीन विणकर एकदम बसविले तर गुंता होणारच.

घाईचे कर्ज

दुसरी गोष्ट वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरची. गुंतवणुकीचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम ते तयार करीत होते. वरकरणी चालणारे काम आतून पुन्हा नीट का करावे लागते, हे धंदेवाईक माणसाला समजेल कसे? १९९२ साली त्यांनी यासाठी धंद्यातलाच शब्द उचलला : कर्ज. घाईने काम पुढे ढकलणे म्हणजे कर्ज काढणे. माल लवकर बाजारात जातो, हे खरे. पण नंतर ते काम नीट केले नाही तर प्रत्येक नव्या बदलाला जास्त वेळ लागतो, आणि तो जास्तीचा वेळ म्हणजे त्या कर्जाचे व्याज.

आपण मंडळी व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहण्याची काळजी घेतो. पण हे कर्ज वहीत दिसत नाही, म्हणून आम्ही ते काढले हेच आम्हाला कळले नाही. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात माल पाठविताना पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागू झाले. प्रोग्राममध्ये बदल हवा होता. नव्या मुलाला बोलावले. त्याने दोन दिवस पाहून सांगितले, "यात ठिगळावर ठिगळ आहे. सगळे नव्याने लिहावे लागेल." नवे लिहिण्याचा जो आकडा त्याने सांगितला, तो आम्ही अडकवून ठेवलेल्या रकमेच्या कितीतरी पट होता.

हुनर डोक्यात असते

वाचक म्हणतील, प्रोग्राम तर तुमच्या यंत्रात होता, मग अडले कुठे? याचे उत्तर पीटर नाउर या डॅनिश विद्वानाने १९८५ साली एका लेखात दिले आहे. त्यांचे म्हणणे असे की प्रोग्राम म्हणजे केवळ लिहिलेल्या ओळी नव्हेत. ती गोष्ट तशीच का केली आणि उद्या बदल करायचा तर कुठे हात घालायचा, ही समज म्हणजे खरा प्रोग्राम, आणि ती करणाऱ्याच्या डोक्यात राहते. ती माणसे पांगली की यंत्र चालू असले तरी प्रोग्राम मेल्यासारखाच.

आपल्याकडे ज्याने चांगला जॉबर गमावला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. माग तोच, सुटे भाग तेच, पण आवाजावरून दोष ओळखणारा कान निघून गेलेला असतो.

शेवटी आम्ही भीड सोडून त्या बंगळूरच्या मुलाला फोन केला. जूनमध्ये ईदसाठी तो गावी आला. शुक्रवारी माग बंद असतात, बाजारही शांत असतो. त्या दिवशी तो नव्या मुलाला घेऊन सकाळपासून आमच्या पेढीवर बसला. जुम्यासाठी उठला आणि नमाजनंतर पुन्हा येऊन बसला. कोणते गिऱ्हाईक ताग्यावर भाव धरते आणि कोणते मीटरवर, कोणाला वटाव बिलातच द्यायचा आणि कोणाला वसुलीच्या वेळी, हे आमच्या पेढीचे सारे रिवाज त्याने प्रोग्रामात कुठे कुठे बसविले होते, ते त्याने एकेक करून दाखविले. त्यांतले काही तर आम्ही स्वतः विसरलो होतो. नव्या मुलाने सर्व कागदावर उतरवून घेतले. प्रोग्राम नव्याने लिहावा लागला नाही. आठ दिवसांत काम झाले.

संध्याकाळी आम्ही अडकवून ठेवलेली रक्कम त्याच्यापुढे ठेवली. तो म्हणाला, "शेठ, उशीर का होतोय हे तुम्ही तेव्हा विचारले असते, तर मी तेव्हाच सांगितले असते." या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

ही जमात परकी नव्हे

ही मंडळी आणि आपण यांचे नाते जुने आहे. फ्रान्समधील लिओं शहरात जॅकार्ड नावाच्या कारागिराने १८०४ साली भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांनी नक्षी विणणारा माग तयार केला. पुढे त्याच मागावर खुद्द जॅकार्डचे रेशमी चित्र विणले गेले. त्याला सुमारे २४ हजार पत्ते लागले. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणिती यंत्रासाठी हीच पत्त्यांची कल्पना घेतली, आणि १८४३ साली एडा लव्हलेस या विदुषीने त्या यंत्राचे वर्णन करताना जॅकार्डच्या मागाचाच दाखला दिला. संगणकाला हुकूम देण्याची रीत अशी विणकराच्या घरातून निघाली आहे.

आणि कारागिराच्या वाट्याला येणारी उपेक्षाही या मंडळींनी भोगली आहे. हॉलंडचे एड्सगर डायक्स्ट्रा १९५७ साली लग्न करावयास गेले. पेशा काय, या रकान्यात त्यांनी प्रोग्रामर असे लिहिले. असा पेशाच नसतो म्हणून अधिकाऱ्यांनी ते नाकारले, आणि त्यांना स्वतःला भौतिकशास्त्रज्ञ म्हणवून घ्यावे लागले. पुढे त्यांना या शास्त्रातला सर्वोच्च सन्मान मिळाला, तेव्हा १९७२ च्या भाषणात त्यांनी हा किस्सा सांगितला. एवढा मोठा माणूस, पण आपली टिपणे शाईच्या पेनाने हाताने लिहून त्यांच्या प्रती मित्रांना टपालाने पाठवीत असे.

डोनाल्ड क्नूथ यांची कथा तर प्रत्येक कारखानदाराने ऐकावी. त्यांच्या मोठ्या ग्रंथाचा पहिला खंड १९६८ साली निघाला. दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची छपाई त्यांना पसंत पडेना. तेव्हा १९७७ साली ग्रंथ बाजूला ठेवून ते छपाईची जुळणी करणारा प्रोग्रामच लिहावयास बसले. त्यात जवळजवळ दहा वर्षे गेली. आज जगभरचे गणिती त्याच प्रोग्रामवर आपले लेख जुळवितात. आपल्या ग्रंथातली चूक दाखवून देईल त्याला ते २ डॉलर ५६ सेंटचा चेक पाठवीत. पुष्कळांनी तो न वटविता भिंतीवर लावला! चूक दाखविणाऱ्याला बक्षीस देणारे दुकानदार आपल्या बाजारात किती निघतील, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आता यंत्रच लिहू लागले

२०२२ च्या अखेरीपासून प्रोग्राम लिहून देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली आहेत. हातमागवाल्याने यंत्रमाग प्रथम पाहिला तेव्हा त्याच्या पोटात जो गोळा आला असेल, तोच आज अनेक प्रोग्रामरांच्या पोटात आहे. भाच्याला आम्ही विचारले. तो म्हणाला, "मामू, ओळी यंत्र लिहून देते. पण त्या तुमच्या पेढीला लागू आहेत की नाहीत, हे कोणाला तरी समजावे लागते." म्हणजे नाउरसाहेबांचीच गोष्ट पुन्हा आली. फुकटात लिहून मिळते म्हणून न समजलेला प्रोग्राम पेढीवर चालविणे हेही कर्जच आहे.

व्यापारी बांधवांना चार गोष्टी

आमच्या तजुर्ब्यातून एवढेच सांगावयाचे आहे. पहिली गोष्ट, प्रोग्राम लिहून घ्याल तेव्हा त्याचा मूळ मजकूर आणि आपल्या हिशेबाची नक्कल आपल्या ताब्यात ठेवा आणि हे आधीच कागदावर ठरवा. दुसरी, कारागीर सोडून जाण्याआधी नवा त्याच्या शेजारी बसवा. दोघांचा पगार काही दिवस द्यावा लागला तरी ते स्वस्त पडते. तिसरी, करात बदल होणार हे कळताच कारागिराला बोलवा, तारीख दारात येईपर्यंत थांबू नका. चौथी, उशीर झाला तर आधी कारण विचारा, मजुरी अडवून बसू नका.

तो मुलगा आजही बंगळूरला आहे. दर ईदला गावी आला की पेढीवर येतो, चहा घेतो आणि प्रोग्राम एकदा उघडून पाहतो. त्या बैठकीची रक्कम आम्ही त्याच दिवशी देतो.