गाडीच्या आतली गणिती गाडी

ऑक्टोबर १९९७. ‘टेक्निकेन्स वार्ल्ड’ या स्वीडिश नियतकालिकाच्या चाचणीत मर्सिडीजची नवीकोरी ए-क्लास उलटली. रस्त्यात अचानक एल्क (मोठं हरीण) आडवा आला असं धरून स्टिअरिंग झटकन एका बाजूला आणि लगेच दुसऱ्या बाजूला फिरवायचं, एवढीच ती चाचणी. कंपनीने गाड्या देणं थांबवलं, सस्पेन्शन बदललं आणि तोवर महागड्या गाड्यांत मिळणारी, घसरणाऱ्या गाडीला सावरणारी ईएसपी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी प्रोग्रॅम) यंत्रणा या छोट्या गाडीत सरसकट बसवली.

बॉश आणि मर्सिडीजने १९९५ मध्ये बाजारात आणलेल्या या यंत्रणेच्या मुळाशी एक गणिती मॉडेल आहे. जर्मनीतल्या रीकर्ट आणि शुंक यांनी ते १९४० मध्ये मांडलं. पुढची दोन चाकं मिळून एक, मागची दोन मिळून एक. म्हणजे कारची चक्क सायकल! इतक्या कमी सामग्रीत इतकं सांगणारं गणित क्वचितच सापडतं. वेग आणि स्टिअरिंगचा कोन दिला की गाडी सेकंदाला किती अंश वळायला हवी, ते कळतं. प्रत्यक्षात ती किती वळतेय, ते सेन्सर मोजतो. दोन्हींत तफावत वाढली की यंत्रणा नेमक्या चाकाला ब्रेक लावते. गाडीची मागची बाजू बाहेर फेकली जात असेल तर वळणाच्या बाहेरच्या अंगाचं पुढचं चाक. गाडी वळायलाच तयार नसेल तर आतल्या अंगाचं मागचं.

खरी अडचण टायरची. चाक थोडं वळवलं की बाजूचा जोर त्याच प्रमाणात वाढतो, पण एका मर्यादेपुढे वाढ थांबते. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी ऐकत नाही. जोराच्या या वाढीचा वक्र नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या हान्स पाचेयका यांनी सहकाऱ्यांसह ‘मॅजिक फॉर्म्युला’त बसवला. टायर असा का वागतो, हे ते सूत्र सांगत नाही. मोजलेल्या आकड्यांशी मात्र चोख जुळतं. सिम्युलेशनमध्ये ते आजही वापरात आहे.

सायकल मॉडेलमध्ये गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीलगत धरतात. त्यामुळे या हिशेबातली गाडी घसरते, पण कधीच उलटत नाही. ए-क्लास तर उंच होती. उलटणं तपासायला उंची, सस्पेन्शन आणि चारही चाकांवर सरकणारा भार मोजणारं मोठं मॉडेल लागतं, आणि त्याचं उत्तरही शेवटी ट्रॅकवर पडताळावं लागतं.

गाडी घेताना सनरूफच्या आधी ईएसपी किंवा ईएससी (त्याच यंत्रणेचं दुसरं नाव) आपल्या व्हेरिएंटमध्ये आहे का, ते विचारा. आणि गुळगुळीत झालेले टायर वेळेवर बदला. नसलेली पकड कोणताही संगणक आणू शकत नाही.