दोन टाक्या, एक काटा

टाकीत तेल किती उरले ते झाकण उघडून न पाहता कळावे, म्हणून गाडीत काटा बसवलेला असतो. पण टाक्या दोन आणि काटा एकच असेल तर? ओसाड मुलखात लांबचा पल्ला मारणाऱ्या गाड्यांपुढे हा प्रश्न उभा राहतो. ब्रिटिश फौजेच्या १०९ इंची लँडरोव्हर गाड्यांतून पुढच्या बैठकीखाली दोन बाजूंना दोन टाक्या असत. अशा मुलखात काटा खोटे बोलला, तर पुढचा पंप शंभर मैलांवर!

आधी काट्याची रीत पाहू. टाकीत एक तरंगता गोळा असतो. तेल उतरले की तो खाली येतो आणि त्याच्या दांडीला जोडलेला रोध बदलतो. काट्यापासून टाकीपर्यंत एकच तार जाते. विजेची परतीची वाट गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून असते. रोध बदलला की प्रवाह बदलतो, आणि काटा हलतो. ओहमने १८२७ साली मांडलेला नियम तो हाच.

आता कोणी म्हणेल, दोन्ही टाक्यांच्या तारा एकत्र पिळा आणि लावा काट्याला! इथेच घात होतो बरं का. शिक्षकबंधूंनी हे गणित फळ्यावर जरूर घालावे. जुन्या फोर्ड गाड्यांत रिकाम्या टाकीचा रोध सुमारे ७३ ओहम, भरलेलीचा १०. दोन रिकाम्या टाक्या समांतर जोडल्या की रोध निम्मा होतो, म्हणजे साडेछत्तीस. टाक्या ठणठणीत कोरड्या, आणि काटा मात्र अर्ध्याच्या आसपास उभा! जनरल मोटर्सच्या पुष्कळ गाड्यांत उलटे आहे: रिकामी शून्य, भरलेली ९०. तिथे एक टाकी रिकामी झाली की दुसरी काठोकाठ असूनही काटा शून्यावर बसतो.

तेव्हा बेरजेचा नाद सोडावा. दोन बाजूंना पडणारे एक साधे बटन घ्यावे. काट्याची तार मधल्या टोकाला, टाक्यांच्या तारा बाजूच्या दोन टोकांना. एका वेळी एकच टाकी बोलेल. दोन्ही टाक्यांतले रोध एकाच जातीचे आणि काट्याला जुळणारे हवेत, आणि सांगाड्याशी जोड रंग खरवडून उघड्या धातूवर घ्यावी. पुष्कळ तक्रारी इथल्या गंजापायी असतात. कामाआधी बॅटरीची ऋण तार सोडावी. पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते.

तेलाची चावी विजेवर चालणारी असेल, तर दुहेरी बटन घेऊन काटा आणि चावी एकदमच फिरवाव्यात. नाहीतर इंजिन पिते डावीकडचे आणि काटा सांगतो उजवीकडचे! जुने काटे तापून हलतात, म्हणून बटन फिरवल्यावर थोडे थांबून वाचावे. चढावरचे वाचनही खरे धरू नये.

डिझेल गाडीत आणखी एक भानगड आहे. पंपाकडून उरलेले तेल टाकीकडे परत येते. ही परतीची नळीही त्याच टाकीकडे वळवावी लागते, म्हणून तिथे सहा तोंडांची झडप बसवतात. ती नसेल तर एक टाकी रिकामी होत जाते आणि दुसरी भरून वाहू लागते.