इसे: दर वीस वर्षांनी नवं होणारं देऊळ

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण नाराजवळच्या होर्युजीत होतो. तिथल्या लाकडी इमारती सुमारे तेराशे वर्षं उभ्या आहेत. जगातल्या सर्वांत जुन्या म्हणून त्यांची ख्याती. आज इसेला जाऊ. इथली परंपराही तेराशे वर्षांची, पण देवळाचं लाकूड मात्र २०१३ सालचं!

नागोयाहून आगगाडीने दीड तासात आम्ही इसेला उतरलो. रीत अशी, की आधी बाहेरचं देऊळ ‘गेकू’ आणि मग आतलं ‘नाइकू’. गेकूत अन्नदेवता तोयोउके, नाइकूत सूर्यदेवता अमातेरासु. नाइकूला जायचं म्हणजे इसुझु नदीवरचा शंभरेक मीटर लांबीचा लाकडी उजी पूल ओलांडायचा, मग उंच झाडांमधून खडीच्या वाटेने चालत राहायचं. शेवटी दगडी पायऱ्या, कुंपणाचं दार, दारावर पांढरा पडदा. बस्, इथेच थांबायचं. मुख्य देऊळ चार कुंपणांच्या आत आहे, बाहेरून दिसतो तो छपराचा थोडासा भाग. एवढ्या लांब येऊन बघायचं काय, असं आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटलंच.

बघायचं ते शेजारी आहे. देवळाला लागून तेवढ्याच मापाची मोकळी जागा आहे, गोट्यांनी आच्छादलेली आणि मधे एक लहानसं लाकडी खोपटं. गेकूत ती वाटेवरूनच दिसते. मागचं देऊळ तिथे होतं, पुढचंही तिथेच होणार. दर वीस वर्षांनी एका जागेवर नवं देऊळ उभारतात, रात्रीच्या अंधारात देवतेला तिकडे नेतात आणि जुनं उतरवतात. पहिल्यांदा हे झालं इ.स. ६९० मध्ये, जितो सम्राज्ञीच्या काळात. २०१३चं स्थलांतर बासष्टावं होतं, पुढचं २०३३ला. आपल्याकडे पुरीला नवकलेवर होतं, तिथे मूर्ती बदलतात. इथे अख्खं देऊळच बदलतं.

वीसच वर्षं का, हे जुन्या कागदपत्रांत कुठे सांगितलेलं नाही. पण बांधकाम पाहिलं की अंदाज येतो. खांब दगडी जोत्यावर न ठेवता सरळ जमिनीत गाडलेले, त्यामुळे बुंधा कुजतो. छप्पर गवताचं. आणि दुसरी गोष्ट सुताराची. विशीत तो हाताखाली शिकतो, चाळिशीत स्वतः काम पेलतो, साठीत दुसऱ्यांना सांगतो. शिवाय देवतेची वस्त्रं, तलवारी, आरसे अशा १,५७६ वस्तू दर वेळी नव्याने घडवतात. म्हणजे विणकर, लोहार, लाखकाम करणारे, सगळ्यांचेच हात चालू राहतात.

हे सगळं अखंड चाललं, असं मात्र समजू नका. पंधराव्या शतकात यादवी माजली आणि नाइकूचं स्थलांतर १४६२ नंतर थेट १५८५मध्ये झालं. १२३ वर्षं! सहा पिढ्यांचे सुतार हे काम न करताच गेले. गेकूचं काम १५६३मध्ये पुन्हा सुरू झालं, ते सेइजुन नावाच्या भिक्षुणीने गावोगाव फिरून जमवलेल्या देणग्यांवर. शिंतो देवळासाठी बौद्ध भिक्षुणी, हेही लक्षात घ्या. एवढ्या खंडानंतर काही तपशील बदलले असावेत, असं वास्तू-इतिहासकार मानतात. म्हणजे ‘जसंच्या तसं’ हा शब्द इथे जपूनच वापरलेला बरा. आमच्या मते यामुळे इसेचं महत्त्व कमी होत नाही. उलट हात थांबले की काय होतं, ते इथे कळतं.

आजची अडचण लाकडाची आहे. एका खेपेला हिनोकीचे दहा हजारांवर ओंडके लागतात आणि बरेचसे किसोच्या डोंगरांतून येतात. म्हणून १९२३मध्ये देवस्थानाने स्वतःच्या जंगलासाठी दोनशे वर्षांची योजना आखली. लावणाऱ्यांपैकी कुणीही ते लाकूड खांब झालेलं पाहणार नव्हता. २०१३च्या देवळात त्या जंगलातलं काही लाकूड लागलं.

आणि उतरवलेल्या लाकडाचं काय होतं? परतताना उजी पुलाच्या दोन टोकांची तोरी, म्हणजे तोरणद्वारं, नीट बघा. त्यांचे उभे खांब जुन्या देवळांतले आहेत, एका टोकाचे नाइकूचे, दुसऱ्याचे गेकूचे. तिथली वीस वर्षं झाली की ते कुवाना आणि सेकी इथल्या जुन्या हमरस्त्यांवर तोरी होऊन पुन्हा उभे राहतात.